मदत हवी आहे: प्रॉन्गहॉर्नपासून एल्कपर्यंत चालेल असं एकच काडतूस कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहतो. शिकारीचे तीन हंगाम झाले आणि तिन्ही मित्राच्या रायफलवर काढले. आता स्वतःची घ्यायची आहे. घरात लहान मूल आहे, त्यामुळे कुलूपबंद कपाटात एकच रायफल ठेवायची असं आम्ही दोघांनी ठरवलंय. म्हणून काडतूसही एकच निवडायचं आहे आणि तिथेच महिनाभर अडकलोय. इथे बाहेरदेशी राहून शिकार करणारे बरेच जण आहेत हे माहीत आहे, म्हणून हा धागा.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की इकडे दरवर्षी प्राण्यांची मोजणी करून ठरावीक परवाने देतात. बऱ्याच भागांसाठी एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करून सोडतीत नंबर लागावा लागतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचं प्रमाणपत्र घ्यावंच लागतं, आणि मारलेल्या जनावराचं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं असं मला वाटतं. माझा बंदुकीशी संबंध आला तो कोकणातल्या आजोबांमुळे. त्यांच्याकडे शेती संरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. पिकात डुकरं घुसली की ते बांधावर बसून बार काढायचे, बहुतेक वेळा हवेतच. दारू ठासताना गज किती वेळा टेकवायचा हे मला अजून आठवतं. रायफल मात्र इथे आल्यावरच हातात घेतली.

कशाची शिकार करायची आहे ते सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. पूर्वेला पॉनीच्या गवताळ माळावर प्रॉन्गहॉर्न. हरणासारखा, जेमतेम पन्नास किलोचा प्राणी, पण माळ असा सपाट की जवळ सरकायला आडोसाच नाही, अडीचशे-तीनशे यार्डांवरून नेम धरावा लागतो. डोंगरात म्यूल डिअर हे हरीण, नर शंभर किलोच्या आसपास. आणि मुख्य म्हणजे एल्क, सांबरासारखं पण मोठं हरीण. मादी सव्वादोनशे किलोची, नर तीनशेच्या पुढे. हाडं जाड, कातडं जाड, आणि गोळी चुकीच्या जागी लागली तर दरी ओलांडून पलीकडच्या अंगाला जाणारं जनावर. कधी नशिबाने मूसचा परवाना लागलाच (मूस म्हणजे एल्कहूनही मोठं हरीण; कोलोरॅडोत ते १९७८ मध्ये नॉर्थ पार्कात आणून सोडले, आता चांगले वाढलेत), तर त्यासाठी वेगळी रायफल घ्यायची वेळ येऊ नये.

राज्याचा नियम असा: किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात), गोळी फुलणारी (लागल्यावर पसरणारी) हवी, हरीण-प्रॉन्गहॉर्न-अस्वलासाठी गोळीचं वजन किमान ७० ग्रेन (साधारण १५ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम), एल्क-मूससाठी किमान ८५ ग्रेन, आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा. म्हणजे एल्कसाठी .२४३ हे लहान काडतूससुद्धा चालतं. पण तेवढ्यावर एल्कला जायची माझी तयारी नाही.

आता जे घडलं ते. गेल्या ऑक्टोबरात मीकरच्या वरच्या बाजूला, नऊ हजार फुटांवर, मादी एल्कचा परवाना होता. मित्राची .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस) घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, एल्कला ताकद हवी, आणि मलाही ते पटलं होतं. सकाळी साडेसातला अ‍ॅस्पेनच्या कडेला पाच माद्या निघाल्या. अंतर १८० यार्ड, शेवटची पूर्ण आडवी उभी. काठीच्या टेकूवर रायफल ठेवली, बार काढला. ती कुबड काढल्यासारखी पाठ वाकवून चालत झाडीत गेली. पळाली नाही. जाणकारांना यावरूनच कळलं असेल.

ती उभी होती तिथे गळलेल्या पिवळ्या पानांवर रक्ताचे थेंब होते. गडद, जवळजवळ काळसर, आणि एका पानावर रक्तात हिरवट चोथा. पान उचलून वास घेतला तर गोठ्यातल्या ओल्या चाऱ्याचा आंबूस वास. गोळी पोटात लागली होती. चार तास थांबून माग काढायला लागलो. सहाशे-सातशे यार्डांवर एके जागी बसल्याची खूण सापडली, पुढे थेंब विरळ होत गेले आणि अंधार पडला. रात्री बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन माणसं ओळीने तो उतार चाळत होतो. मिळाली नाही. परवाना माझ्या खिशात तसाच राहिला, पण मी तो वापरला असंच धरलं आणि घरी आलो.

नेम का सुटला ते दोन आठवड्यांनी रेंजवर कळलं. तिथले एक वयस्कर प्रशिक्षक आहेत. त्यांनी मला पाठमोरं उभं करून स्वतः रायफल भरली. कधी खरं काडतूस, कधी नकली, मला न सांगता. दुर्बिणीतून बघत चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ आवाज झाला. पण नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं होतं. धक्का नाही, आवाज नाही, तरी माझा खांदा पुढे आलेला आणि डोळे मिटलेले. दहापैकी चार नकली होती, चारही वेळा तेच. म्हणजे मी त्या रायफलला घाबरत होतो आणि मला ते माहीतच नव्हतं.

म्हणून मी सुरुवात धक्क्यापासून, म्हणजे बार काढल्यावर खांद्याला बसणाऱ्या माऱ्यापासून, करतोय. आठ पौंडांच्या रायफलमध्ये .३०८ चा धक्का १७-१८ फूट-पौंड येतो, .३०-०६ चा २० च्या आसपास आणि .३०० विन मॅगचा २५ च्या वर. ६.५ क्रीडमूर १२-१३ मध्ये आटोपतं. आकडे जवळचे दिसतात, पण विसाव्या बारानंतर खांद्याला फरक कळतो.

माझ्या यादीत उरलेली चार:

६.५ क्रीडमूर: २००७ चं, मुळात निशाणेबाजीसाठी काढलेलं. लांब, निमुळती गोळी वाऱ्यात कमी ढळते, म्हणून प्रॉन्गहॉर्नला उत्तम. एल्कला १४०-१४३ ग्रेन पुरे पडते का, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

७ एमएम-०८: .३०८ चंच पितळी कवच, तोंड अरुंद केलेलं. १४० ग्रेनची गोळी २,८०० फूट प्रतिसेकंद. कागदावर मला हेच सगळ्यात आवडतं. पण क्रेग, वॉल्डन अशा लहान गावातल्या दुकानात दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नव्हतं.

.३०८: १९५२ पासून आहे, पेट्रोल पंपावरही मिळेल. १५० ते १८० ग्रेन.

.३०-०६: नावातलं ०६ म्हणजे १९०६. सव्वाशे वर्षं होत आली, तरी एल्कला नेणारे कमी झालेले नाहीत. १८० ग्रेन २,७०० फूट प्रतिसेकंद. धक्का थोडा जास्त.

आणखी दोन गोष्टी. बायकोनेही यंदा प्रमाणपत्र घेतलंय, तिची उंची पाच फूट एक इंच. रायफल दोघांना वापरता आली तर हवी आहे. आणि आमची लेक चार वर्षांची आहे, तिला एल्कचा खिमा अतिशय आवडतो. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात, एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसतात. लहान मुलाच्या पानात ते नको, म्हणून तांब्याची गोळीच वापरणार हे पक्कं. पण तांबं फुलायला वेग लागतो, तेव्हा लांबच्या अंतरावर कोणतं काडतूस पुरं पडेल?

मी स्वतःला ३०० यार्डांची मर्यादा घालून घेतली आहे. त्यापलीकडे बार काढणार नाही. ज्यांनी स्वतः एल्क, मूस किंवा त्या मापाचं जनावर मारलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १ (अँकरेज, अलास्का)

दादा, मादी हातची गेल्यावर परवाना वापरला असं धरलंत, ते वाचून बरं वाटलं.

मी अठरा वर्षं .३०-०६ वापरतोय. कॅरिबू आणि मूस दोन्हीला १८० ग्रेन, मोठ्या अस्वलांच्या भागात जाताना २०० किंवा २२० ग्रेन. दीडशेपासून दोनशेवीसपर्यंत एकाच रायफलमध्ये चालतं, हा तिचा मोठा गुण. आमच्या राज्याचं वन्यजीव खातंसुद्धा शिकाऱ्यांना हेच सांगतं, की नवीकोरी मॅग्नम घेऊन येण्यापेक्षा नीट हात बसलेली .२७० किंवा .३०-०६ आणा, अनुभवी गाइडना तेच आवडतं. इथे तपकिरी अस्वलं आहेत, तरी हा सल्ला. कोलोरॅडोत मॅग्नमवाचून तुमचं काही अडणार नाही.

फक्त वजनाकडे लक्ष द्या. हल्ली अडीच किलोच्या रायफली निघाल्यात. खांद्यावर टाकून डोंगर चढायला छान, पण .३०-०६ तिच्यात घातलं की तुमच्या मित्राच्या मॅग्नमएवढाच धक्का बसेल. दुर्बिणीसकट साडेतीन-पावणेचार किलोची घ्या.

प्रतिसाद २ (उमिओ, स्वीडन)

आमच्याकडे मूसला कित्येक लोक अजून ६.५×५५ वापरतात. एकोणिसाव्या शतकातलं काडतूस आहे आणि ताकदीला तुमच्या क्रीडमूरचं भावंडच. नियम असा आहे की ९ ग्रॅमची गोळी असेल तर शंभर मीटरवर २,७०० जूल हवेत, १० ग्रॅमची असेल तर २,००० जूल चालतात. १५६ ग्रेनची जड गोळी दुसऱ्या अटीत बसते. जड गोळी, बेताचा वेग, फुप्फुसात नेम. मूस पन्नास-शंभर मीटर चालतो आणि आडवा होतो.

पण एक फरक लक्षात घ्या. इथे बहुतेक बार शंभर मीटरच्या आत असतात. आणि मूसच्या शिकारीत माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत जागेवर पोहोचेल अशी सोय ठेवावीच लागते. तुम्ही उघड्या डोंगरात ३०० यार्ड म्हणताय, तेही तांब्याची गोळी घेऊन. तुमच्या जागी मी असतो तर ६.५ एल्कला दोनशेच्या आतच वापरलं असतं.

प्रतिसाद ३ (ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो)

धागाकर्ते, आधी त्या मादीबद्दल. पाठ वाकवून चालत गेली म्हणजे पोटच. त्या जागी .३३८ सारखी मोठी गोळी लागली असती तरी हेच झालं असतं. त्यामुळे काडतूस लहान की मोठं हा प्रश्न तिच्या बाबतीत सोडून द्या. पुढच्या वेळी पोटात लागल्याचं कळलं तर चार तासांऐवजी सात-आठ तास थांबा. ती पहिल्यांदा बसली तिथेच गेली असती, तुमच्या चाहुलीने उठली. हे मलाही एकदा चुकूनच कळलं, म्हणून सांगतेय.

मी पाच फूट दोन इंच. सात वर्षं .३०८, १५० ग्रेन तांबं. चार माद्या, एक नर, सगळे अडीचशेच्या आत. तांब्याला जड गोळी घेऊ नका, तिचा वेग कमी पडतो. दीडशे ग्रेनने ३०० यार्डांपर्यंत काळजी नाही, शिवाय आपल्या डोंगरांच्या उंचीवर हवा विरळ, वेग थोडा जास्तच टिकतो. दोनशे यार्डांवर गोळी नेमक्या जागी लागेल अशी दुर्बीण लावून घ्या. तीनशेला गोळी आठ-नऊ इंच खाली जाते. प्रॉन्गहॉर्नच्या पाठीच्या रेषेवर नेम धरलात की बसली.

वहिनींसाठी दस्त्याची लांबी महत्त्वाची. चकत्या घालून लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता घ्या, दोघांचं काम होईल. माझ्यासाठी लांब दस्ता म्हणजे मान पुढे काढून दुर्बिणीला डोळा लावणं, आणि मग भुवईवर खोक. ती खूण अजून आहे.

आणि तुमची भीती निम्मी आवाजाची असणार. रेंजवर कानात बोळे आणि वर कानटोप, दोन्ही घाला. नळीच्या टोकाला मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) लावू नका, धक्का कमी होतो पण आवाज कान फाडतो. रोज रात्री रिकाम्या रायफलचा चाप वीस वेळा ओढा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. महिनाभर .२२ (अगदी कमी धक्क्याचं लहान काडतूस) मारा. मग .३०८ ला हात लावा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, थांबण्याच्या वेळेबद्दल तुम्ही म्हणालात ते वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. ती बसल्याची जागा अजून उबदार होती. मी तेव्हा आनंदलो होतो, की जवळच आहे.

.३०८ वर आलोय. अँकरेजचे दादा, .३०-०६ सोडताना जीवावर येतंय, पण बायकोच्या खांद्याचा विचार केला. शनिवारी रेंजवर एका सदस्याने आपली .३०८ दिली, पावणेचार किलोची. कानात बोळे, वर कानटोप. त्याच प्रशिक्षकांनी आम्हा दोघांची खऱ्या-नकली काडतुसांची परीक्षा घेतली. माझी नळी तीनपैकी एकदा हलली. बायकोची एकदाही नाही.

आता एकच विचारायचं राहिलं. १५० ग्रेन तांब्याची गोळी २२ इंची नळीतून मारणाऱ्यांनी ३०० यार्डांवरून लागलेली, जनावरातून निघालेली गोळी कधी हातात घेऊन पाहिली आहे का? फुलताना उघडणाऱ्या तिच्या टोकाच्या पाकळ्या पूर्ण उघडल्या होत्या का? फोटो असेल तर कृपया टाका.