ब्रिटनमध्ये नियम मंत्रीच करतात, मग पार्लमेंटचा ताबा नेमका कुठे? (एलएलबी, इंदूर)

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी, मी इंदूरला एलएलबी करतेय, दुसरं वर्ष. दिवसा एका टॅक्सवाल्या वकिलांकडे काम करते आणि रात्री वाचन. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉच्या पेपराला इंग्लंडचं डेलिगेटेड लेजिस्लेशन आहे, त्यातच अडकून राहिलेय. गाइडमध्ये लिहिलंय की पार्लमेंट अधिकार देतं, मंत्री नियम करतो आणि पार्लमेंट त्याच्यावर कंट्रोल ठेवतं. आणि त्याच पानावर खाली लिहिलंय की त्या नियमात पार्लमेंटला सहसा एक शब्दही बदलता येत नाही, घ्यायचा तर अख्खा घ्या नाही तर अख्खा फेटाळा. मग कंट्रोल कसला? ऑफिसात जीएसटीच्या नोटिफिकेशनचे प्रिंट काढते तेव्हाही हेच मनात येतं, की छापायच्या आधी हे कोणी निवडून आलेल्या माणसाने वाचलं असेल का. कुणी नीट समजावेल का? नोट्स हिंदीत आहेत, पण डोक्यात मराठीतच बसतं माझ्या.

सुदामानगर_वकील
ताई, तुमच्या त्या नोटिफिकेशनची सुरुवात आठवा, अमुक कलमाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून. ब्रिटिश स्टॅच्युटरी इन्स्ट्रुमेंट, म्हणजे मंत्र्याने केलेला छापील नियम, तोही असंच सुरू होतो आणि सगळी चावी त्याच ओळीत आहे. नियम कोण करणार, कोणत्या विषयावर, आधी कुणाला विचारून आणि सभागृहापुढे कोणत्या पद्धतीने ठेवायचा, हे सगळं मूळ कायदाच ठरवतो. छापणं, नंबर देणं, पुढे ठेवणं याची चौकट 1946 च्या स्टॅच्युटरी इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये आहे.

पद्धती मुख्य दोन. निगेटिव्हमध्ये मंत्री सही करतो, नियम सभागृहापुढे ठेवतो आणि 40 दिवसांत कुठल्याही एका सभागृहाने रद्दचा ठराव केला नाही तर तो चालूच राहतो. त्या ठरावाला ते प्रेयर म्हणतात, कारण तो राजाला केलेल्या विनंतीच्या रूपात असतो. अफर्मेटिव्हमध्ये दोन्ही सभागृहांनी हो म्हटल्याशिवाय नियम होत नाही, फक्त पैशाच्या काही विषयांत एकट्या कॉमन्सची, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाची, मंजुरी पुरते. बहुतेक नियम निगेटिव्हनेच जातात, आणि तुमची शंका तिथे अगदी खरी आहे.

आता एक गोष्ट करा, कुठल्याही इन्स्ट्रुमेंटच्या डोक्यावरच्या तारखा वाचा. कोविडचा इंग्लंडचा पहिला लॉकडाऊनचा नियम घ्या. 26 मार्च 2020, दुपारी 1 वाजता केला, 1 वाजताच लागू, आणि पार्लमेंटपुढे ठेवला अडीच वाजता! म्हणजे दीड तास लोकांना योग्य कारणाशिवाय घराबाहेर पडायची बंदी होती आणि ती घालणारा कागद पार्लमेंटपुढे गेलेलाही नव्हता. आधार 1984 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा, त्यात तातडीची सोय आहे की आधी करा, मंजुरी 28 दिवसांत घ्या नाही तर नियम संपला. आणि त्या 28 दिवसांत पार्लमेंटच्या लांब सुट्टीचे दिवस धरत नाहीत, म्हणून कॉमन्समध्ये चर्चा झाली थेट 4 मे ला, तोवर त्या नियमात एकदा दुरुस्तीही होऊन गेली होती.

मल्हारी_77
म्हणूनच मला तो संसदीय कंट्रोल निव्वळ कागदावरचा वाटतो. कॉमन्सने शेवटचा नियम फेटाळला कधी माहितीये का, ऑक्टोबर 1979 मध्ये, तोही रॉकेलच्या किरकोळ किमतीवरची मर्यादा उठवणारा आदेश होता. त्यानंतर हजारो नियम गेले आणि एकही नाही! लॉर्ड्सने, म्हणजे निवडून न आलेल्या वरच्या सभागृहाने, 2015 मध्ये टॅक्स क्रेडिटच्या (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीच्या) कपातीवर नुसतं लांबणीवर टाकायला मत दिलं तर केवढा गदारोळ झाला. सरकारने शेवटी ती कपात सोडली हे खरं, पण अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच.

काका_लोकमान्यनगर
मल्हारी, फेटाळल्याचा आकडा एवढाच बघशील तर चुकशील. खरं काम कमिट्यांत होतं आणि ते बातमीत येत नाही. दोन्ही सभागृहांची जॉइंट कमिटी धोरण चांगलं की वाईट बघतच नाही, ती फक्त कायद्याच्या अंगाने तपासते, अधिकाराबाहेर गेलाय का, मागल्या तारखेपासून लादलाय का, मसुदा धड आहे का. धोरणाच्या अंगाने लॉर्ड्सची वेगळी कमिटी बघते. आणि विधेयक असतानाच मंत्र्याला किती अधिकार मिळतोय हे बघणारी तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच, कारण एकदा अधिकार देऊन टाकला की मग धावपळ करून उपयोग नसतो.

आणि बेटा, तू विचारलंस ना कंट्रोल कुठे, तर दात आहेत ते कोर्टाला. पार्लमेंटच्या कायद्याला तिथलं कोर्ट रद्द करू शकत नाही, पण मंत्र्याच्या नियमाला करू शकतं. आयल्सबरी मशरूमची केस लक्षात ठेव, 1972. शेती-बागायतीच्या धंद्यासाठी ट्रेनिंग बोर्ड स्थापण्याचा आदेश काढायच्या आधी संबंधित संघटनांशी सल्लामसलत करणं बंधनकारक होतं. मंत्रालयाने मशरूम उत्पादकांच्या संघटनेला पत्र पाठवलं पण ते पोचलंच नाही. कोर्ट म्हणालं, नुसतं पत्र टाकणं म्हणजे विचारणं नव्हे, आदेश बाकीच्यांना लागू, मशरूमवाल्यांना नाही. एका न पोचलेल्या पत्रापायी!

दुसरी युनिसन या कामगार संघटनेची, 2017. नोकरीच्या तक्रारीच्या ट्रायब्युनलला आधी फी नव्हती, 2013 च्या आदेशाने लावली, सुनावणीपर्यंत काही दाव्यांना 1,200 पाउंड. दावे दोन तृतीयांशाच्या आसपास घटले. सुप्रीम कोर्टाने अख्खा आदेश बेकायदा ठरवला, कारण न्याय मागायला येणाऱ्या माणसाचं दार असं बंद करायचा अधिकार मूळ कायद्याने दिलाच नव्हता. लक्षात घे, हा आदेश अफर्मेटिव्ह होता, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला, तरी पडला. मी चाळीस वर्षं कोर्टात काढली बेटा, कामावरून काढलेला माणूस फीचा आकडा ऐकून पायरीवरूनच परत फिरतो हे डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हा निकाल मला फार जवळचा आहे.

रामबाग_इंदूर
काका, वकीलसाहेब, खूप खूप आभार. आणि हेन्री आठव्याच्या क्लॉजचं काय? आमचे सर ते नक्की विचारतात.

सुदामानगर_वकील
त्या क्लॉजने मंत्र्याला नियमातून खुद्द पार्लमेंटचा कायदा बदलता येतो. नाव पडलं 1539 च्या कायद्यावरून, त्यात राजाच्या फर्मानाला कायद्याइतका जोर दिला होता, राजा वारल्यावर 1547 मध्ये तो रद्दही झाला. पण क्लॉज जिवंत आहे, ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या, 2018 च्या कायद्यात तर भरपूर अधिकार दिले गेले. कोर्टं असा अधिकार शब्दशः आणि आखूड वाचतात, शंका असेल तर मंत्र्याच्या विरुद्ध. पेपरात हे वाक्य टाकाच.

रामबाग_इंदूर
आत्ताच फोनवर तो 2013 चा फीवाला आदेश उघडला. वर तारीख, खाली कलम 42, आणि पुढे साध्या वाक्यात लिहिलंय की मसुदा पार्लमेंटपुढे ठेवला होता आणि दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. काका म्हणाले तसंच. उद्या ऑफिसात मशरूमच्या केसचा प्रिंट काढते, आमच्या साहेबांनाही वाचायला देईन.