मदत हवी आहे: 'स्टार वॉर्स'चं मूळ रूप कुठे मिळेल?

मंडळी, 'स्टार वॉर्स'चे पहिले तीन सिनेमे थिएटरात लागले होते अगदी तसेच घरी बघायचे आहेत. १९९७पासून त्यांत फेरफार सुरू झाले. मग २००४ची डीव्हीडी, २०११ची ब्लू-रे, नंतर फोर-के. दर वेळी नवा बॉक्स, नवी किंमत आणि आत आणखी काहीतरी बदललेलं. तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी अनाकिनचा (म्हणजे डार्थ वेडरचा) आत्मा म्हणून दिसणारा नट सेबॅस्टियन शॉ २००४मध्ये काढला आणि तिथे हेडन क्रिस्टेन्सन बसवला. त्या म्हाताऱ्या नटाचं काम असं पुसून का टाकायचं? फार जिवाला लागतं हे.

२००६मध्ये मूळ रूप डीव्हीडीवर आलं, पण जादा डिस्क म्हणून, तेही लेसरडिस्कच्या (डीव्हीडीआधीच्या मोठ्या व्हिडिओ तबकडीच्या) जुन्या मास्टरवरून, म्हणजे मूळ प्रतीवरून. आजच्या टीव्हीवर चित्र चारी बाजूंनी काळ्या पट्ट्यांत अडकतं.

कुणाकडे हा संच आहे का? सेकंडहँड घेताना ती जादा डिस्क आत आहे हे कशावरून ओळखायचं? डीव्हीडींना प्रदेशानुसार 'रीजन'चं कुलूप असतं; अमेरिकेतली रीजन १ची डिस्क आपल्याकडच्या रीजन ५च्या प्लेअरवर चालत नाही, मग सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा कोणता मल्टीरीजन प्लेअर घ्यावा? आणि झूम केल्यावर चित्र बघण्यासारखं राहतं का? वापरलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.