मदत हवी आहे: माशांच्या टाकीवर ५० वॅटचा फ्लड लाइट लावला, पण रोपांऐवजी शेवाळच वाढतंय

काचपेटी

टाकी ६० × ३० × ३८ सेंमी, खडी ५ सेंमी, प्रत्यक्ष पाणी साधारण ५५ लिटर. गाव नाशिक. सोसायटीचं पाणी, बोअर आणि नळ मिसळून येतं. मासे: १० गप्पी, ६ निऑन टेट्रा. रोपं: हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, रोटाला रोटुंडिफोलिया, व्हॅलिस्नेरिया, एक अ‍ॅमेझॉन स्वोर्ड आणि ओंडक्याला बांधलेला अनुबियास. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडत नाही, खत नाही.

टाकीबरोबर आलेल्या निळसर पट्टीवर रोटाला नुसती लांबुळकी होत होती. दोन पेरांत बोटभर अंतर, खालची पानं गळालेली. म्हणून ५० वॅटचा ६५०० केल्विनचा फ्लड लाइट आणून झाकणाच्या काचेवर ठेवला. रोज १० ते ११ तास चालू असतो. आता अनुबियासच्या पानांवर हिरवे ठिपके आहेत, ओंडक्यावर केसांसारखं शेवाळ आहे, आणि हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली आहेत.

प्रश्न असे: प्रकाश अजून कमी पडतोय का? दुकानदार लाल-निळा ‘ग्रो लाइट’ घ्या म्हणतो, तो घ्यावा का? की फ्लड लाइटला पंख्याचा रेग्युलेटर लावून तो मंद करावा?

पाणकांडी

प्रकाश कमी नाही, दुपटीहून जास्त आहे. बरा एलईडी वॅटमागे ९० ते १०० लुमेन (एकूण उजेडाचं माप) देतो, म्हणजे तुमचे साडेचार-पाच हजार लुमेन झाले. ५५ लिटरला भागा: लिटरमागे ८० च्या वर. सीओटू नसलेल्या टाकीला १५ ते २५ पुरतात. ४० च्या पुढे गेलात की सीओटूचा सिलिंडर आणि नियमित खत, दोन्ही लागतात. ‘गॅलनला अमुक वॅट’ हा जुना हिशेब फ्लुरोसंट ट्यूबच्या काळातला, एलईडीला तो लावू नका.

इतक्या उजेडात रोपाची कार्बन, नायट्रेट, पोटॅशची मागणी वाढते. तुमच्या पाण्यात ते तेवढं नाही. रोप अडकून बसतं, जुनी पानं खराब होऊ लागतात, आणि शेवाळाला तीच पानं आवडतात. अनुबियासचं तर पान महिनोन्‌महिने तेच, त्यामुळे ठिपके आधी तिथेच दिसणार.

लाल-निळा दिवा घेऊ नका. त्यात रोपं वाढतात, नाही असं नाही, पण टाकी जांभळी दिसते आणि पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हेच कळत नाही. पांढऱ्या एलईडीत निळी चिप आणि वर फॉस्फरचा थर असतो, त्यातून रोपाला लागणारे लाल आणि निळे दोन्ही पट्टे मिळतात. खोक्यावर ६५०० केल्विन किंवा ‘कूल डेलाइट’ लिहिलंय ना, मग झालं.

आता करायचं काय: ५० वॅटचा काढा आणि १० वॅटचे दोन लावा. एकच दिवा मधोमध ठेवला तर त्याच्याखाली झगझगाट आणि कोपऱ्यात अंधार होतो. दोन दिवे टाकीच्या लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर, झाकणाच्या काचेपासून २० सेंमी वर टांगा. त्या उंचीवरून काही उजेड टाकीबाहेर सांडेल, तो हिशेबात धरूनच दोन सांगतोय. वेळ ६ तास. तीन आठवडे काही बदलू नका. नवीन पानं स्वच्छ येत असतील तर अर्धा-अर्धा तास वाढवत ८ वर थांबा.

वायरमन_दादा

रेग्युलेटरचं आधी सांगतो: लावू नका. आजकालच्या स्वस्त फ्लड लाइटमध्ये ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, एलईडीच्याच पाटीवर असतो. रेग्युलेटरवर तो लुकलुकतो, नाहीतर काही दिवसांत जातो. नवे दिवे आणायचे नसतील तर नर्सरीतली ५० टक्क्यांची शेडनेट टाकीच्या मापाने कापून झाकणाच्या काचेवर पसरा. एका थराला उजेड निम्मा होतो. दिव्याच्या तोंडावर मात्र जाळी गुंडाळू नका, ती तापते.

दुसरं, दिवा काचेवर ठेवायचा नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीला हवा लागली नाही तर एलईडीचं आयुष्य घटतं, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी आधीच ३० च्या वर असतं, त्यात ही भर.

तिसरं, आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) वाचून निर्धास्त होऊ नका. ते रेटिंग दिव्याच्या डब्याचं आहे. त्यातून निघणाऱ्या तीन सुट्या वायरींचा जोड तुम्ही इन्सुलेशन टेपने करणार, तिथे पाणी शिरतं. जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये घ्या. पिन तीनचीच, कारण बॉडी धातूची आहे. अर्थिंगची वायर कापून दोन पिनांचा प्लग लावलेले दिवे सर्रास दिसतात, तसं अजिबात नको. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ आला तरी झोळाशी ठिबकेल. घरात ३० मिलीअँपची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा. आणि पाण्यात हात घालायच्या आधी टाकीची सगळी बटणं बंद.

पाणकांडी

खताचं राहिलं. हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशची कमतरता. माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन थोडाफार मिळतो, पोटॅश फारसं नाही.

महागडी बाटली नको. कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठीचं १३:०:४५ मिळतं, ते पोटॅशियम नायट्रेट. ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. दोन वेगळ्या बाटल्या करा. पहिलीत ३० ग्रॅम १३:०:४५ आणि पाणी घालून एकूण ३०० मिली. दुसरीत ३ ग्रॅम ०:५२:३४, तेही ३०० मिली. पाणी पिण्याच्या फिल्टरचं घ्या. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदललं की दोन्हींतून ५-५ मिली. तुमच्या ५५ लिटरला एवढ्याने नायट्रेट साडेपाच पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट सुमारे ०.६ पीपीएम चढतं.

शेजारच्याच फळीवर १९:१९:१९ असतं, ते उचलू नका. त्यात युरिया आणि अमोनिया आहे. टोमॅटोला चालतं, माशांना नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुडीत तांबं असतं, झिंगे पाळणार असाल तर जपून. स्वोर्ड मुळांनी खातो, त्याच्या बुडाशी खडीत खताची गोळी खुपसा.

काचपेटी

धन्यवाद दोघांनाही. दोन शंका. ओंडक्यावरचं शेवाळ आपोआप जाईल का? आणि आमच्याकडे वीज जाते, तर टायमर कुठला? दुपारी तीन तास दिवा बंद ठेवावा असंही वाचलं.

हिरवी_खडी

आपोआप जात नाही. आधी जुना टूथब्रश फिरवून गुंडाळून काढा. उरलेल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड: फिल्टर बंद करून सिरिंजने थेट शेवाळावर हळूहळू सोडा, १० मिनिटांनी फिल्टर सुरू करा. ३ टक्क्यांचं असेल तर तुमच्या टाकीला एका वेळी २० मिली पुरे. औषधाच्या दुकानातलं बहुधा ६ टक्क्यांचं असतं, मग १० मिली. बाटली वाचल्याशिवाय घालू नका. व्हॅलिस्नेरियापासून लांब ठेवा, तिला ते सोसत नाही. ‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणाऱ्या बाटलीतल्या औषधानेही तीच पहिली विरघळते. अनुबियासची ठिपकेवाली पानं कापून टाका, ती काही परत स्वच्छ होत नाहीत.

दुपारच्या सुट्टीबद्दल मतं वेगळी आहेत. मधल्या वेळात पाण्यात सीओटू थोडा भरून निघतो हे खरं, पण त्याने शेवाळ मरत नाही. फायदा एवढाच की सकाळी ३ आणि संध्याकाळी ३ तास ठेवले तर घरी असताना टाकी उजळलेली दिसते. एकूण बेरीज ६ च राहू द्या.

टायमर डिजिटल घ्या, आतल्या बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा. खुंट्यांची तबकडीवाला यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. चार वेळा वीज गेली की दिवा रात्री अकराला लागलेला सापडेल.

आणि रोटाला लांबुळकी झालीय ती तशीच ठेवू नका. वरचे १०-१२ सेंमी शेंडे कापा, खालची दोन पेरं पानं काढून खडीत रोवा, दोन कांड्यांत बोटभर अंतर. जुने बुंधे उपटून टाकलेत तरी चालेल. मोकळ्या कोपऱ्यात क्रिप्टोकोरिन लावा, कमी उजेडात निभते. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस तर आपल्याच कोकण-गोव्याकडची. फक्त ओढ्यातून उपटून आणू नका, विक्रेत्याकडून घ्या. लावल्यावर तिची सगळी पानं विरघळली तर घाबरून काढू नका, मुळं जागेवर असतील तर नवी येतात.

पाणकांडी

+१. उजेड मोजायचा असेल तर मोबाइलचं लक्समीटर अ‍ॅप अंदाजाला चालतं. रात्री खोलीत अंधार करा, दिवे टाकीबाहेर तेवढ्याच उंचीवर धरा आणि खडी जितकी खाली असेल तिथे मोबाइल उताणा ठेवा. पांढऱ्या ६५०० केल्विन एलईडीला १००० लक्स म्हणजे ढोबळ १५ पार (PAR, रोपाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप). तुम्हाला २००० ते २५०० लक्स हवेत. ४००० दिसले तर दिवे आणखी वर घ्या.