अ‍ॅडम स्ट्रेंज कुठून वाचायला घेऊ? आणि मधल्या सुट्या गोष्टींचं काय?

पानउलट्या:
मंडळी, ग्रीन लँटर्न या सुपरहीरोच्या नादाने डीसी या अमेरिकन कंपनीच्या जुन्या कॉमिक्सकडे वळलो आणि अ‍ॅडम स्ट्रेंजवर येऊन अडकलो. पेरूमधला पुरातत्त्वज्ञ, मागे लोक लागलेत, जीव वाचवायला दरीवरून उडी मारतो आणि अधांतरीच झीटा किरण त्याला उचलून रॅन ग्रहावर नेतो! किरणाचा असर उतरला की स्वारी परत पृथ्वीवर, त्याची प्रेयसी अलाना तिकडे एकटी. भलतंच आवडलंय. पण 'मिस्टरी इन स्पेस' या मासिकात त्याची गोष्ट संपली की हीरोबिरो नसलेल्या सुट्या गोष्टी येतात. त्या गाळल्या तर चालेल?

रद्दीतला_रॉकेट:
गाळू नका हो!
आधी अंक सांगतो. 'शोकेस' १७ ते १९, चित्रं माइक सेकोव्स्कीची, त्यातला १७ वा १९५८ चा. मग 'मिस्टरी इन स्पेस' ५३ पासून पुढे. तिथे चित्रकार म्हणून कार्माइन इन्फँटिनो येतो आणि रॅनची शहरं काय दिसायला लागतात! खाली लांबच लांब मोकळं मैदान, पार क्षितिजाशी बारीक मनोरे आणि वर लाल पोशाखातला एकटा उडणारा माणूस. त्यावर मर्फी अँडरसनची शाई. ७५ वा चुकवू नका, डीसीच्या सुपरहीरोंची टोळी, जस्टिस लीग, पाहुणी आहे. ९१ नंतर संपादक बदलला, तिथे थांबलात तरी चालेल.
आता सुट्या गोष्टी. मूळ दुकान त्यांचंच. 'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स' १९५० चं, 'मिस्टरी इन स्पेस' १९५१ चं, संपादक जूलियस श्वार्ट्झ. हा गृहस्थ पूर्वी विज्ञानकथा लेखकांचा एजंट होता. याच्याकडे बरेचदा मुखपृष्ठ आधी ठरायचं, मग लेखकाने डोकं खाजवत त्यावर गोष्ट रचायची. १९५१ मध्ये असंच एक मुखपृष्ठ आलं: पिंजऱ्यातला गोरिला पाटीवर लिहून सांगतोय की मी एका भयंकर प्रयोगाचा बळी आहे. अंक असा खपला की कंपनीतल्या सगळ्याच संपादकांना गोरिला हवासा झाला. शेवटी महिन्याला एकच, असा दंडक घातला म्हणे!
या गोष्टींत टुकार पुष्कळ आहेत, खोटं कशाला बोलू. पण सहा-आठ पानांत कोणीही मरू शकतं, अख्खी पृथ्वी हरू शकते. अ‍ॅडम काही मरत नाही, हे पहिल्या पानावरच ठाऊक असतं.

ईसीप्रेमी:
रॉकेटराव, सुट्या गोष्टींचंच बोलताय तर ईसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीला का वगळलंत? 'वियर्ड फँटसी' अंक १८, १९५३, 'जजमेंट डे'. लेखन अल फेल्डस्टाइन, चित्रं जो ऑर्लँडो. पृथ्वीचा प्रतिनिधी यंत्रमानवांच्या ग्रहाची तपासणी करायला येतो. तिथे नारिंगी आणि निळे यंत्रमानव, आतून तंतोतंत सारखे, पण निळ्यांनी बसमध्ये मागेच बसायचं. तो ग्रहाला नापास करतो. शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण उतरवतो, तेव्हा कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. कपाळावरचे घामाचे थेंब चमकताहेत. पुढे ही गोष्ट पुन्हा छापायची होती, तर कॉमिक्स कोडवाले, म्हणजे कॉमिक्स छापण्याआधी तपासणारे, म्हणाले, माणूस काळा नको. प्रकाशक बिल गेन्स हटला नाही. १९५६ च्या 'इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन' ३३ मध्ये जशीच्या तशी छापली. ईसीचं ते शेवटचंच कॉमिक बुक.

पानउलट्या:
बाप रे. विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरीच्या गोष्टीही यांनीच काढल्या ना?

ईसीप्रेमी:
हो, पण आधी न विचारता! १९५२ मध्ये त्याच्या दोन गोष्टींची एक करून छापली. त्याने कोर्टबिर्ट केलं नाही, गोड पत्र धाडलं: ५० डॉलरचा चेक पाठवायचा तुमच्याकडून राहून गेलेला दिसतोय. चेक गेला आणि नंतरची रूपांतरं रीतसर झाली.

दक्षिणक्षितिज:
थोडं विषयांतर. रॅनचा सूर्य म्हणजे अल्फा सेंटॉरी, आपल्याकडचा 'मित्र' तारा. मुंबईतून जेमतेम दहा अंश वर येतो, गोव्यातून जरा जास्त. मेमध्ये रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेकडे बघा, समोर इमारत नको. अंतर ४.३ प्रकाशवर्षं, म्हणजे तिकडून सुटलेला किरण इथे यायला चार वर्षं लागतात. म्हणून तर अ‍ॅडम पुढचा किरण कुठे, किती वाजता पडणार याचं गणित मांडून ती जागा गाठतो. उशीर झाला की संपलं. मला त्याच्या मारामारीपेक्षा ही धावपळच जास्त आवडते.

पानउलट्या:
ठरलं. 'शोकेस' १७ पासून सुरू, सुट्या गोष्टींसकट. रॉकेटराव, तो गोरिलावाला अंक कितवा?

रद्दीतला_रॉकेट:
'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स' ८. पुढचाच ९ वा पण घ्या, कॅप्टन कॉमेट हा अंतराळवीर हीरो तिथे सुरू होतो.