पिंजऱ्यातला मिठू आणि दिवेलागणीचा थवा

पिंपळपान (धागाकर्ता)

आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक पिंजरा टांगलेला आहे. आत पोपट, कंठवाला नर. गळ्याची कंठी पुरती उमटलेली, म्हणजे वय साधारण तीनच्या पुढे. दिवसभराचा त्याचा कार्यक्रम ठरलेला. "मिठू मिठू", "कोण आलंय?" आणि मध्येच कुकरची शिट्टी, तीही इतकी हुबेहूब की खालच्या काकू दोनदा गॅस बंद करायला उठल्या आहेत. सगळ्यांना कौतुक. मलाही होतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी संध्याकाळी गच्चीवर येरझारा घालायला लागलो. दिवेलागणीला नदीच्या बाजूने पोपटांचे थवे रातथाऱ्याकडे जातात. कधी आठ, कधी पन्नास. शेपट्या ताणून, सरळ रेषेत, ओरडत. ते मला ऐकू यायच्या आधी या पिंजऱ्यातल्याला ऐकू येतात. तो दांडीवर ताठ होतो, पिसं अंगाला चिकटवून बारीक होतो आणि तीच हाक मारतो. मिठू नाही, कोण आलंय नाही, ती रानातली कर्कश हाक. थवा डोक्यावरून निघून गेला तरी मिनिटभर मारत राहतो. मग गप्प. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी.

तेव्हापासून मला त्याचं "बोलणं" ऐकवत नाही. पोपट रानात एकटा राहतच नाही. एकमेकांच्या हाका उचलणं ही त्याच्या थव्यातली रीत. थवा काढून घेतला आणि समोर माणसं ठेवली, तर तो माणसांच्या हाका उचलणार. ज्या गुणावर आपण भाळतो तो त्याच्या एकटेपणाचा आवाज आहे. म्हणून "आम्हाला पक्षी फार आवडतात, आम्ही पोपट पाळलाय" हे वाक्य मला मान्य नाही. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे वेगळंच. कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं.

असहमती चालेल, शिव्या नकोत.

ओसरीवरची

असहमत, आणि शिव्या देण्याचं माझं वय नाही.

पानशेतच्या पुरानंतरच्या वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, आमच्या वाड्यामागचा पोखरलेला आंबा पाडला. त्याच्या ढोलीतून तीन पिल्लं निघाली, अंगावर नुसत्या सुया. दोन गेली, एक राहिलं. आईने त्याला भिजवलेल्या डाळीचा लगदा बोटाने भरवला. राघू आमच्याकडे बावीस वर्षं होता. पिंजऱ्याचं दार दिवसा उघडंच असायचं. तो ओसरीवर फिरायचा, वडिलांच्या खांद्यावर बसून वर्तमानपत्राच्या कडा कातरायचा आणि रात्री आपला आपण आत जाऊन बसायचा.

मला काय दिसलं ते सांगते. राघू डावरा होता. पेरूची फोड कायम डाव्या पायात, दोन बोटं पुढे, दोन मागे, अशी मुठीत धरल्यासारखी. वरची चोचही हलते त्याची, आपल्यासारखा नुसता खालचा जबडा नाही. गर टाकून बिया आधी. खूश झाला की डोळ्याची बाहुली बारीक-मोठी, बारीक-मोठी व्हायची. तुमच्या दुर्बिणीतून हे दिसतं का हो? आज माझ्या गॅलरीसमोर पोपट बसला की तो काय करणार आहे हे मला आधी कळतं. ते मला राघूने शिकवलं, पुस्तकाने नाही.

खट्याळ

धागाकर्त्याचा पोपट झालाय.

पिंपळपान

@ओसरीवरची, तुमचं लिहिणं वाचून क्षणभर मीच तुमच्या बाजूला गेलो होतो. पण दार उघडं होतं याचा अर्थ तो स्वखुशीने राहिला असा होत नाही. शुकनलिका न्याय आपल्याकडे फार जुना आहे. नळी फिरते, पोपट उलटा होतो, पायांनी घट्ट धरून बसतो आणि समजतो की कोणीतरी आपल्याला बांधलंय. तुमच्या राघूला उडून जाऊन कोणाकडे जायचं हेच ठाऊक नव्हतं.

ओसरीवरची

तेही खरं असेल. पण पडलेल्या झाडातल्या पिल्लाचं आम्ही त्या दिवशी काय करायला हवं होतं?

कलगी

इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. रानातून उचललेला पोपट आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेला पक्षी यांत फरक करा. आपल्याकडे दुकानात "लव्हबर्ड" म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजे छोटे पोपट, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. माझ्याकडे सहा कॉकटिएल, म्हणजे कलगीवाले छोटे पोपट आहेत, तेही मूळ ऑस्ट्रेलियाचे, पण यांच्या कैक पिढ्यांनी तो देश पाहिलेला नाही. बारा बाय आठ फुटांच्या जाळीत सहाच्या सहा एकत्र राहतात. त्यांना थवा आहे. सोडून दिले तर संध्याकाळपर्यंत कावळे संपवतील.

ज्या परदेशी जातींना कायद्याने नोंदणी लागते त्यांच्यासाठी २०२४ मध्ये केंद्राने नियम आणले आहेत. पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर सगळं भरावं लागतं. सरसकट सगळ्यांना चोर ठरवू नका.

आणखी एक. पोपट किती हुशार असतो हे जगाला कळलं ते पिंजऱ्यातल्याच एका पोपटामुळे. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये दुकानातून घेतलेला आफ्रिकन ग्रे जातीचा राखाडी पोपट, अ‍ॅलेक्स. रंग, आकार, संख्या ओळखायचा. २००७ मध्ये तो मेला तेव्हा जगभर बातम्या आल्या. स्पिक्स मकाव हा ब्राझीलमधला निळा पोपट तर रानातून २००० साली दिसेनासाच झाला होता. २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये परत सोडले ते कुठून आले? पाळलेल्या पक्ष्यांच्या पैदाशीतून.

पिंपळपान

आणि स्पिक्स मकाव रानातून संपला कशाने? जंगल गेलं हे एक कारण. पण शेवटचे उरलेले पकडून नेले ते संग्राहकांसाठीच. घर जाळून मग बादलीभर पाणी आणल्याबद्दल सत्कार मागायचा?

अ‍ॅलेक्सचंही तेच. त्याची कीर्ती झाली आणि घरोघरी ग्रे हवा झाला. घानामध्ये १९९० च्या सुरुवातीपासून पुढच्या दोन-अडीच दशकांत या पोपटाची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घसरली. शेवटी २०१६ मध्ये रानातल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला. तुमच्या सहा कॉकटिएलवर माझा आक्षेप नाही. पण तुमचे व्हिडिओ पाहून पुढचा माणूस कॉकटिएल घेत नाही, तो "बोलणारा" मागतो. आणि बोलणारा, स्वस्तातला, कुठून येतो ते आपल्या दोघांना माहीत आहे.

कलगी

सत्कार नको, पण बादली तरी लाथाडू नका.

ढोलीवाली

मी जखमी आणि सुटका केलेल्या पक्ष्यांसाठी शनिवार-रविवार काम करते, त्यामुळे थोडं मोठं लिहिते.

पोपटाची विणीची वेळ थंडी सरता सरता सुरू होते. तो स्वतः सहसा ढोली कोरत नाही, सुतार किंवा तांबट पक्ष्याची जुनी ढोली घेऊन मोठी करतो. वर्षानुवर्षं तीच. त्यामुळे पिल्लं उचलणाऱ्याला जागा पाठ असते. हात जात नसेल तर तोंड कोयत्याने रुंद करतात, आणि मग ती ढोली कायमची बाद. पिल्लं गेली हे सगळ्यांना दिसतं. पुढची दहा वर्षं तिथे कोणीच वीण घालणार नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मोठी झाडं तशीही किती उरलीत शहरात?

आमच्याकडे येणाऱ्या पक्ष्यांपैकी फार थोड्यांना कोणी मुद्दाम छळलेलं असतं. बहुतेक लाडाने बिघडलेले असतात. वर्षानुवर्षं शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि हिरवी मिरची. मिरचीने त्याला काही होत नाही, तिखट लागतच नाही पक्ष्यांना (शिवाय मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, तेव्हा "पोपटाचं पारंपरिक खाणं" वगैरे जपून बोला). पण नुसत्या तेलबियांवर ठेवलेल्या पोपटाला जीवनसत्त्व अ मिळत नाही, नाकपुड्या चोंदतात, पिसं खराब होतात. काही जण स्वतःचीच पिसं उपटतात. छाती सोललेल्या कोंबडीसारखी, आणि डोक्यावरची पिसं मात्र शाबूत, कारण तिथे चोच पोचत नाही. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

एक गंमतही सांगते, फसवणुकीची आहे. एकांनी "पहाडी" म्हणून मोठी किंमत देऊन पिल्लू आणलं होतं. पहाडी म्हणजे करण पोपट, आकाराने मोठा, खांद्यावर लाल पट्टा. आंघोळ घातली तर पट्टा टॉवेलला लागला. आतून साधा कंठवाला निघाला.

आता धागाकर्त्यांसाठी. हे सगळं वाचून कोणी उत्साहाने पिंजरा उघडू नका. लहानपणापासून पाळलेला पोपट उडायला दमतो, मांजराला घाबरत नाही, अनोळखी खिडकीत जाऊन "मिठू" म्हणतो. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तपासणी होते, पंख वाढेपर्यंत ठेवतात, मोठ्या जाळीत उडायचा सराव होतो, इतरांबरोबर ठेवून बघतात. सगळेच परत रानात जाण्याजोगे होतातच असं नाही. @ओसरीवरची, तुमच्या आईने त्या दिवशी बरोबरच केलं. आज असं पिल्लू मिळालं तर आमच्यासारख्यांकडे आणा.

टेम्सकाठ

लंडनहून. तुम्ही तिकडे पिंजऱ्यावर भांडताय, इकडे पिंजऱ्यातून सुटलेल्यांनी साम्राज्य उभं केलंय. हाच आपला कंठवाला. १९६९ पासून इंग्लंडात रानात वीण घालतोय. आता रिचमंड पार्कात गेलं की पुण्यात आल्यासारखा कलकलाट. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये लोक सफरचंदाची फोड हातावर ठेवून उभे राहतात आणि तीन-तीन पोपट दंडावर. मी पण उभी राहिले पहिल्या वर्षी. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. नवीन देश, नोव्हेंबर, आणि ओळखीचं कोणीतरी अंगावर येऊन बसलं.

एका नटाच्या सिनेमाच्या सेटवरून सुटले, एका गिटारवाल्याने सोडले, अशा दंतकथा इथे खूप. २०१९ मध्ये संशोधकांनी गुन्हेगाराचा ठावठिकाणा शोधायची पद्धत वापरून त्या तपासल्या, एकीलाही आधार मिळाला नाही. ठिकठिकाणच्या घरांतून थोडे थोडे सुटले, बास. म्हणजे कावळे संपवतील हे सरसकट खरं नाही. उलट स्पेनमध्ये सेव्हिलच्या एका बागेत हेच पोपट ढोल्यांसाठी दुर्मीळ वटवाघळांवर हल्ले करतात असं दिसलंय. पाळीव पक्षी सोडून देणं हे पुण्य नव्हे, हा माझा मुद्दा.

ढोलीवाली

@टेम्सकाठ, हजार सुटले असतील तेव्हा शंभर जगले असतील. मेलेल्यांचा थवा दिसत नाही. बाकी सहमत.

कलगी

@पिंपळपान, एक सरळ प्रश्न. समोरच्या पिंजऱ्याची तक्रार केलीत का तुम्ही?

पिंपळपान

नाही.

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. त्या घरात एक निवृत्त गृहस्थ एकटे राहतात. "कोण आलंय?" हा आवाज त्यांच्या पत्नीचा आहे. त्या गेल्याला दोन वर्षं झाली. दारावरची बेल वाजली की पोपट त्यांच्या आवाजात विचारतो. मी दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. मतं गच्चीवर ठीक असतात.

ओसरीवरची

त्यांच्याकडे जाऊन बसत जा संध्याकाळचे. तक्रारीचं नंतर बघू.

ढोलीवाली

तो पक्षी अजून पंचवीस वर्षं जगू शकतो. ते गृहस्थ नाहीत जगणार. त्यांच्यानंतर त्याला कोण घेणार, एवढं तरी त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा. कठोर वाटेल, पण आमच्याकडे असे अनाथ खूप येतात.

जोंधळा

सगळं वाचलं. पुण्या-लंडनची माणसं, पोपटावर प्रेम कसं करावं यावर भांडायलीत. आम्ही मंगळवेढ्याकडचे. मालदांडी ज्वारी. पौषात कणीस दाण्याला आलं की पोपट उतरतो. चिमणी बसून टिपते, खाईल तेवढं खाते. पोपट कणीस खुडतो, बांधावरच्या बाभळीवर नेतो, चार दाणे खातो आणि टाकून देतो. परत दुसरं. संध्याकाळी बाभळीखाली जाऊन बघा, अंथरूण पडलेलं असतं कणसांचं. रानडुकराचा पंचनामा होतो, पोपटाचा कोण करणार? पूर्वी पोरं माळ्यावर बसून पाखरं राखायची. आता पोरं शाळेत, आणि राखणीला माणूस मिळत नाही. चमकणारी पट्टी बांधली तर पोपट दोन दिवस भितो, तिसऱ्या दिवशी त्याच पट्टीवर झोका खातो.

तेव्हा पिंजऱ्यात दहा कमी झाले म्हणून आमच्याकडं कोणी रडत नाही.

पिंपळपान

@जोंधळा, प्रामाणिक लिहिलंत. पण दहा पिल्लं पिंजऱ्यात गेल्याने तुमच्या शेतात किती कणसं वाचतात?

जोंधळा

एकही नाही. ते मलाही माहीत आहे. राग काढायला कुठं तरी काढायचा.

टेम्सकाठ

गोफण अजून चालवतात का कोणी?

जोंधळा

मी चालवतो. जानेवारीत या सगळी, हुरडाही आहे. ज्याला पोपट आवडतो त्याला माळ्यावर बसवतो, हातात गोफण देतो. दिस उगवायच्या टायमाला थवा उतरतो. दीडशे-दोनशे एका दमात वळतात तेव्हा सगळं हिरवं एकदम पिवळसर चमकतं, आणि गोफण फिरवायची राहून जाते. माझी पण राहते कधीकधी. खरं नुकसान तेवढ्यातच होतं.