मदत हवी आहे: मराठी चित्रपट वितरकाला द्यावा की स्वतः लावावा?

आम्हा चौघांनी पैसे घालून केलेला मराठी चित्रपट तयार आहे. सेन्सॉरचं यूए १३+ प्रमाणपत्र हातात आहे, डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) झालंय, गाण्यांचे हक्क आमच्याकडेच आहेत. ओटीटीवाले 'आधी थिएटरला लावा, मग बोलू' म्हणतात. गोव्याच्या फिल्म बझार या चित्रपटांच्या बाजारात, खरेदीदार चित्रपट बघतात त्या व्ह्यूइंग रूमला ठेवला होता; कौतुक भरपूर, कागदावर काहीच नाही.

आता एक वितरक कमिशनवर घ्यायला तयार आहे. पण पब्लिसिटी, पोस्टर छपाई, यूएफओ-क्यूबचा (थिएटरांपर्यंत डिजिटल चित्रपट पोचवणाऱ्या कंपन्यांचा) खर्च, सगळं आमच्या माथी. वर त्याचं कमिशन खर्च वळता होण्याआधीच कापणार आणि डिजिटल हक्कही पाच वर्षं मागतोय. हे मला पटत नाही.

आमचा प्रेक्षक सांगली-कोल्हापूरकडचा. मुंबईत सकाळचा शो मिळून उपयोग काय? त्यापेक्षा तिकडच्या दहा-बारा एकपडदा थिएटरांत थेट टक्केवारीवर लावावा असं वाटतंय. बजेट तेवढंच आहे. (अनुदानाचं बघतोय, त्याबद्दल नको.)

ज्यांनी स्वतः वितरण केलंय त्यांनी सांगा: वितरक मध्ये नसताना थिएटरमालकाकडून रोजचा डीसीआर (दिवसाच्या तिकीटविक्रीचा हिशोब) कसा मिळवता, आणि आपला वाटा अडकू नये म्हणून करारात नेमकं काय लिहून घेता?