‘ट्रॅकवरून थेट तुमच्या गाडीत’: खरं किती, जाहिरात किती?

घाटमाथा
शोरूममध्ये हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सरकतं. फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतींवर पैसा ओतायचा आणि वर म्हणायचं, फायदा शेवटी सामान्य माणसालाच. कुठला फायदा? तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्व्होच्या निल्स बोलिनने १९५९ मध्ये आणला. तो त्याआधी साबमध्ये विमानाच्या इजेक्शन सीटवर काम करायचा. फॉर्म्युला वनमध्ये पट्टा सक्तीचा व्हायला १९७२ उजाडलं! एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, विमानातून आलं. हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर, म्हणाल तर टोयोटाची प्रियस १९९७ ची, आणि ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरणारं रेसिंगचं केर्स २००९ चं. बोला आता.

डावा_पाय_मोकळा
सोयीचं तेवढंच उचललंत. २०१४ ला मारुतीची सेलेरिओ एएमटी आली, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. तिचं किट मॅग्नेटी मारेली कंपनीचं. १९८९ च्या फेरारी ६४० या फॉर्म्युला वन गाडीच्या गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक्सही त्यांचंच. डिझायनर जॉन बर्नार्डला गिअरचा दांडाच नको होता, कारण दांडा आणि त्याची जोडणी गेली की कॉकपिट अरुंद करता येतं. मग क्लच दाबायचं काम हायड्रॉलिक्सकडे आणि हुकूम स्टिअरिंगमागच्या पॅडलवरून. ड्रायव्हर मॅन्सेलने तिची पहिलीच शर्यत, ब्राझीलची, जिंकून दाखवली. आपल्या एएमटीत वेगळं काय आहे? आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, बाहेर तेलाचा दाब तयार करणारा छोटा पंप. ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, सांगेल तेव्हा क्लच दाबला जातो आणि गिअर पडतो.

घाटमाथा
खंबाटकी चढताना गिअर बदलला की मान खटकन पुढे जाते, त्याचं श्रेयही फेरारीलाच ना? आणि त्या ६४० ला पुढे त्याच मोसमात कित्येक शर्यती अर्धवट सोडाव्या लागल्या, तेही लिहा.

बैलगाडा_प्रेमी
शर्यतीच्या बैलाचा नांगराच्या बैलाला काय उपयोग, असा वाद वाटतोय हा.

डावा_पाय_मोकळा
@बैलगाडा_प्रेमी खिल्लार टिकला की त्यामुळे!

लायनर_कोल्हापूर
गॅरेजवाल्याचं ऐका. शोध कोणाचा हा प्रश्नच चुकीचा आहे. डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक, हाही रेसिंगचा शोध नाही, विमानांना आधीपासून होते. पण जुन्या ड्रम ब्रेकमध्ये फिरणाऱ्या बंद डब्याला आतून लायनर, म्हणजे घर्षणाचं अस्तर, दाबलं जातं. त्याची खोड काय, तर सतत ब्रेक मारले की उष्णता आत कोंडते, ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली जायला लागतं. घाट उतरताना अनुभव घेतला असेलच. १९५३ ला फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइपने डनलॉपचे डिस्क लावले. तिथल्या मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावरून सुसाट यायचं आणि टोकाला कचकन वेग तोडायचा, असं दिवसरात्र. सरासरी ताशी १६० किलोमीटरच्या वर ठेवून जिंकले. यानंतर कोण शंका घेणार? १९५५ च्या सिट्रोएन डीएसला पुढच्या चाकांवर डिस्क आलेच. एरवी याच चाचणीला किती वर्षं लागली असती!

रेडियल
मग उलटा प्रवासही सांगा. मिशेलिनचं रेडियल टायर, म्हणजे आतले धागे आडवे, काठापासून काठापर्यंत टाकलेलं, १९४० च्या दशकात रस्त्यावर आलं, फॉर्म्युला वनमध्ये पोचलं १९७७ ला, रेनोबरोबर. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बोही त्याच वर्षी त्याच गाडीतून तिथे आला, रस्त्यावर अमेरिकन गाड्यांत १९६२ पासून होता. आणि एबीएस, चाकं जागच्या जागी घसरून फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, कॉम्प्युटरने चालणारं अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन यांच्यावर तर १९९४ ला बंदीच घातली. जिथे एबीएस लावायला मनाई, त्यांच्याकडून आपण सुरक्षितता शिकायची? आपल्याकडे ते सगळ्या गाड्यांत आलं ते सरकारने २०१९ ला सक्ती केली म्हणून.

लायनर_कोल्हापूर
सक्तीचं शंभर टक्के मान्य. पण बंदी घातली ती ड्रायव्हरचं कसब दिसावं म्हणून, तंत्र कुचकामी होतं म्हणून नव्हे.

घाटमाथा
डिस्क ब्रेक दिला तुम्हाला. एएमटी देणार नाही. आणि इतका भारी आहे तर माझ्या गाडीच्या मागच्या चाकांना अजून ड्रमच का?

लायनर_कोल्हापूर
ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागच्या चाकांना काम कमी उरतं. शिवाय ड्रम स्वस्त, आणि हँडब्रेक त्यातच बसतो. घाटात उतरताना गिअर खालचा ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.